कुंकवाखालचा गाल

कापूस उचलला तर त्याला गाल चिकटून आला.

फोटोतल्या माणसाचा गाल. नखाएवढा तुकडा, कांद्याच्या आतल्या सालीसारखा पातळ. फोटोवर त्या जागी पांढरा कागद दिसायला लागला. समोर स्टुलावर अनुसया बसली होती, त्या माणसाची लेक. वय पन्नाशीच्या पुढं. तिनं बापाचं तोंड कधी पाहिलेलं नव्हतं. त्याचा हा एकच फोटो होता, आणि त्यावरचं कुंकू काढून मी तिला तिचा बाप दाखवणार होते.

“काय झालं मावशी?”

“गाल निघाला.”

“कुणाचा?”

“तुझ्या बापाचा.”

ती स्टुलावरूनच पुढं वाकली. इतक्या वर्षांत माझ्या हातून काचा फुटल्या, आटे बिघडले, एकदा एका वकिलाच्या कॅमेऱ्याचा भाता फाटला. पण ते सगळं खटपट केली की दुसरं मिळतं. हे दुसरं मिळणार नव्हतं.

मी जुन्या कॅमेऱ्यांना फिल्टर शोधून देते. बीडमध्ये माझं एका खोलीचं दुकान आहे, आणि दुकानात एक कपाट. त्या कपाटात सतरा खण. लोकांना वाटतं म्हातारी काचेचे तुकडे जमवते. तसंच वाटू द्यावं, त्यानं रिकामी गर्दी होत नाही.

फिल्टर म्हणजे कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवायची रंगीत काच. काळ्या-पांढऱ्या रोलला रंग कळत नाही, उजेड आणि अंधार एवढंच कळतं. लाल काच लावली की लाल वस्तू उजळ होते आणि निळी काळी पडते. म्हणून लाल काचेतून आभाळ काळं येतं आणि त्यावर ढग कापसासारखे उठतात. पिवळ्या काचेनं तेच होतं पण बेतानं. हिरवीनं झाडांची पानं उजळतात. शास्त्र एवढंच आहे, मला चौथीच्या शिक्षणावर समजलं.

अवघड आहे ते काच बसवणं. जुन्या कॅमेऱ्यांत एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. कुणाला आतून आटे असतात, काच फिरवून बसवायची. कुणाला आटेच नसतात, डब्याच्या झाकणासारखी दाबून बसवायची. कुणाला नख्या असतात, अडकवून पाव वळसा द्यायचा. करणाऱ्या कंपन्या कधीच बंद पडल्या. अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी काच एक तर पडते, नाही तर अडकते आणि मग जन्मभर निघत नाही.

मला हे मापाचं कळतं ते वडलांमुळं. माझे वडील शिरूर कासारला बांगड्या भरायचे. चौथी झाल्यावर मला शाळेतून काढून त्यांनी बाजाराच्या दिवशी शेजारी बसवलं. बाईचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याच्या मुळाचं हाड दाबून बघायचं आणि माप सांगायचं. दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा. चुकलं तर बांगडी फुटते आणि बाईच्या हाताला लागते. बाई मग सगळ्या बाजारात सांगत फिरते. मी क्वचित चुकायचे. दोन-दोनची बांगडी म्हणजे चोपन्न मिलिमीटर, दोन-चारची सत्तावन्न. हे मला लग्नानंतर कळलं, मालकांचा स्टुडिओ होता तेव्हा. ते एकदा एका गिऱ्हाइकाच्या कॅमेऱ्यावर काच बसवायला तासभर झटत होते. मी चहा घेऊन गेले आणि म्हणाले, ही जायची नाही, दोराभर मोठी आहे. ते हसले. मग मापून पाहिलं आणि हसायचे थांबले. त्या दिवसापासून काचांचा खण माझ्याकडं आला.

मालक गेले. रंगीत रोल आला, तो गेला. मोबाइल आला. स्टुडिओ बंद झाला पण काचा तशाच राहिल्या. मग पुण्याकडून, नाशकाकडून माणसं यायला लागली, आजोबाचा कॅमेरा सापडला म्हणून. एक डॉक्टर आले होते. त्यांच्या लेन्सवर काच अशी घट्ट बसली होती की दोन शहरांत कुणाला निघाली नव्हती. सगळ्यांनी पकडीनं धरून दाबली होती. दाबली की कडं लंबुळकं होतं आणि जास्त आवळतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी पायातली रबरी स्लिपर काढली, धुतली, उलटी ठेवली आणि लेन्स त्यावर तोंडघशी टेकवली.

“अहो, चपलेवर काय ठेवता?” डॉक्टर म्हणाले.

“मग डोक्यावर ठेवू?”

सगळीकडून सारखा दाब देऊन फिरवली आणि काच निघाली. डॉक्टर बराच वेळ त्या स्लिपरकडं बघत होते. पुढच्या वेळी आले तेव्हा स्वतःची घेऊन आले, कोरी.

दुसरा एक जण लग्नाचं शूटिंग करणारा होता. त्याला नवरी धुक्यातून आल्यासारखी दिसायला पाहिजे होती. तसली काच बाहेरून मागवायला महिना लागला असता. मी माझ्या जुन्या जॉर्जेटच्या साडीचा तुकडा रिंगमध्ये ताणून दिला. लई भारी, लई भारी, करत गेला. आता त्या तालुक्यात कितीतरी नवऱ्या माझ्या साडीतून बघितल्या गेल्या आहेत.

तर मला माझ्या कामाची घमेंड आहे. अनुसयाच्या फोटोचं जे झालं ते त्या घमेंडीनं झालं. आणि पुढं निस्तरलं तेही तिच्यानंच.

अनुसया माझ्या माहेराकडची, शिरूरच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. दरवर्षी नवरा-पोरांबरोबर ऊसतोडीला जाते. पितरांचा पंधरवडा सरला त्या आठवड्यात ती आली. पिशवीतून टॉवेल, टॉवेलातून वर्तमानपत्र, वर्तमानपत्रातून फ्रेम. फ्रेमला काच नव्हती.

“मावशी, माझ्या बापाचं तोंड बघायचंय मला.”

“कावून?”

“बघितलंच न्हाई म्हून.”

फोटो कपिलधारच्या जत्रेत तंबूतल्या फोटोवाल्यानं काढलेला. दोघे भाऊ शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसलेले, अंगात एकसारखे सदरे, डोक्याला टोप्या, हात गुडघ्यांवर. मागं पडद्यावर रंगवलेला बंगला. उजवीकडच्याचं तोंड स्वच्छ. डावीकडच्याला तोंडच नव्हतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत कुंकवाचा थर, कडेला हळद, वर तेलाचा डाग.

तिनं सांगितलं ते असं. बाप, रंगनाथ, ती तीन महिन्यांची असताना विहिरीत पडून गेला. आई दुसऱ्या घरी गेली. तिला आजीनं वाढवलं. फ्रेमची काच फार आधीच फुटली होती. आजी दर सणाला आणि पितरांत बापाच्या फोटोला कुंकू लावायची, काच नव्हती म्हणून ते थेट कागदावर लागायचं. आजीनंतर चुलत आजी लावायची, मग ही स्वतः. पुसायचं कुणी नाही. मेलेल्या माणसाचं कुंकू कोण पुसणार?

“आणि हा शेजारचा?”

“हा चुलता, ज्ञानोबा. तेलगावला असतोय. आमचं बोलणं न्हाई. विहिरीवरनं आजीशी भांडून गेला, परत आला न्हाई. मी दोनदा बघितला असंल, दाढीतला.” मग जरा हसली. “ह्याचं तोंड बघा की कसं सोच्छ हाय. लहानपणी मी रोज ह्याला जीभ दाखवायचे.”

आधी ती बाजारपेठेतल्या एका मोबाइलवाल्या फोटोच्या दुकानात गेली होती. त्यांनी कॉम्प्युटरवर कुंकू काढून दिलं होतं. तो कागदही तिनं दाखवला. गुळगुळीत तोंड, गुलाबी ओठ, सिनेमातला वाटावा असा पुरुष. कुंकवाखाली काय आहे ते त्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी दुसरं तोंड बसवलं होतं.

“लई देखणा हाय,” मी म्हणाले.

“हाय की. पण कुणाचा बाप हाय?”

कॉम्प्युटरनंही लाल रंग वेगळा काढता येतो म्हणतात. येत असेल. त्या दुकानातल्याला येत नव्हता, आणि मला लाल काचेनं येतो. कारण तेच, जे आभाळाचं आहे. लाल काचेतून लाल डाग कागदासारखा पांढरा होतो. पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. खालचं काळं चित्र मात्र काळंच राहतं. म्हणजे कुंकवाचा डाग न पुसता गायब होतो. हळदही जाते. बुक्का लावला असता तर मी हात जोडले असते, बुक्का काळा असतो. कुंकवाचं मला जमतं. मालकांच्या हाताखाली मी असे बरेच आजे-पणजे बाहेर काढलेत.

पण हे डागाचं झालं. थराचं वेगळं. थर जाड असेल तर काचेतून नुसता पांढरा ठिपका दिसतो, मागचं झाकलेलंच राहतं. म्हणून आधी थर उतरवावा लागतो आणि मग उरलेल्या डागाला काच. थर कोरडाच, मऊ ब्रशनं, दिवसाला थोडा थोडा उतरवायचा असतो. मला ते माहीत होतं. पण अनुसयाची टोळी दसऱ्यानंतर निघायची होती. मी फोटोचा एक कोपरा ओल्या कापसानं पुसून पाहिला, काही झालं नाही. म्हणून तोंडाला तोच ओला कापूस लावला. फोटोच्या कागदावर सरसाचा थर असतो, चित्र त्या सरसात असतं. कोपऱ्याला कधी कुंकू लागलेलं नव्हतं. तोंडाला वर्षानुवर्षं ओल्या बोटानं, तेलाच्या बोटानं लागत आलेलं. तिथला सरस कधीच कुजला होता. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. मी सुचू दिली नाही, कारण मी समोर बसलेल्या बाईला आजच्या आज करून दाखवणार होते.

तर गाल कापसावर आणि अनुसया स्टुलावर.

मी बशीत पाणी घेतलं. कापूस त्यात सोडला. तुकडा सुटून पाण्यावर तरंगला. सगळ्यात बारीक ब्रश त्याच्याखाली घातला आणि त्याला उचलून परत त्याच्या जागी सोडला. तुकडा बसला, पण एका कडेला केसाएवढी फट राहिली.

“आता?” अनुसया म्हणाली.

“आता दोन दिवस वाळू दे. बाकीचं कोरडं काढते. तू जा.”

“मी हितंच बसते.”

“दोन दिवस?”

“मग काय. घरी जाऊन तरी काय बघू?”

ती खरंच दोन्ही दिवस येऊन बसली. सकाळच्या गाडीनं यायची, संध्याकाळी जायची. मी ब्रशनं थर उतरवायचे, ती मटकी निवडायची. कागदावर खाली लालभडक डाग उरला, आणि त्याच्या आत डोळ्यांसारखं, नाकासारखं काहीतरी.

आता लाल काच. माझ्या घरचा लाकडी कॅमेरा आहे, फोटोवरून फोटो काढायचा. मालकांनी त्याला मागून रोल बसेल अशी पेटी करून घेतली होती. माझ्याकडं दोन रोल उरले होते. पण त्याच्या लेन्सला आटे नाहीत. पितळी तोंड, बाहेरून बेचाळीस मिलिमीटर, दाबून बसणारी काच लागते. त्या मापात पिवळी होती, हिरवी होती, लाल नव्हती. जत्रेतला लाल जिलेटीन कागद ताणून पाहिला. गुलाबी निघाला, डाग अर्धाच उतरला आणि चित्र धुरकट झालं. डार्करूमच्या दिव्याची लाल काच कापून पाहिली. ती साबणाच्या पाण्यासारखी लाटालाटांची होती. तिच्यातून रंगनाथाला दोन नाकं आली असती.

त्या मापाची खरी लाल काच बीड जिल्ह्यात एकच होती. कुठं आहे हे मला माहीत होतं. मीच दिली होती. माझ्याकडून गेलेली प्रत्येक काच कुठं आहे हे मला पाठ आहे.

गेवराईला एक चित्रकलेचे गुरुजी आहेत, निवृत्त. त्यांच्याकडं कॅमेरा नाही. ते ती काच दोऱ्यात ओवून गळ्यात घालतात आणि चित्र काढताना एका डोळ्याला लावून बघतात. रंग निघून गेले की चित्रात उजेड कुठं आणि अंधार कुठं ते कळतं म्हणे. अनुसयाला घेऊन मी एसटीनं गेले. गुरुजी ओट्यावर बसले होते.

“गुरुजी, काच पाहिजे.”

“कुठली?”

“गळ्यातली.”

“ही मी मेल्यावर ने.”

“तेवढा वेळ न्हाई. ही बाई दसऱ्यानंतर ऊसतोडीला चालली.”

गुरुजींनी काच मुठीत धरली. “तुझ्या हातात द्यायची नाही मला. तू स्लिपरवर घासतेस असं ऐकलंय.”

“मग काचेसंगं तुम्ही चला.”

ते खरंच आले. गाडीत गळ्यातली काच सदऱ्याच्या आत घालून बसले, बाया दागिने घालतात तसे. दुकानात आल्यावर त्यांनी ती काढली, डोळ्याला लावली आणि फोटोवर वाकले. बराच वेळ वाकलेले होते.

“माणूस आहे की यात,” ते म्हणाले.

मी काच घेतली. पाहिलं. लाल डाग नव्हताच. टोपीखाली रुंद कपाळ, जवळजवळ डोळे, नाकाला जरा बाक, मिसरूड नुकतं फुटलेलं. गालावर ती केसाएवढी फट. मी काच अनुसयाच्या हातात दिली आणि एक डोळा मिटायला सांगितलं. तिला एक डोळा मिटता येईना, तिनं पदरानं झाकला.

ती वाकली. आम्ही दोघं बाजूला सरलो. तिनं इतकंच विचारलं, “हे कागदावर येईल का?”

“येईल.”

“कान माझ्यासारखा हाय.”

गुरुजींनी तिच्या कानाकडं पाहिलं आणि मान हलवली. चित्रकार माणूस, खोटं बोलला नसता. कान तिच्यासारखाच होता.

फोटोला आणखी काही होऊ नये म्हणून मी तो काळ्या कागदानं झाकला, फक्त तोंडापुरती खिडकी कापली. लाल काच उजेड खाते, म्हणून वेळ आठपट द्यावा लागतो. काच लावूनच फोकस जुळवावा लागतो, नाही तर लाल उजेड जरा पुढं-मागं पडतो आणि चित्र मऊ येतं. हे सगळं मी गुरुजींना सांगत सांगत केलं, मुद्दाम. त्यांना कळावं की काच कुणाच्या हातात आहे. रोलमध्ये आठ फोटो बसतात, आठही घेतले, प्रत्येकाला वेळ वेगळा. दुपारीच रोल धुतला. पाचवा सगळ्यात चांगला आला. त्याचा फोटो काढून अनुसयाला दिला, वहीच्या पानाएवढा, नुसतं तोंड.

गालावरची फट तेवढी राहिली. मी पेन्सिलनं भरू का विचारलं. ती नको म्हणाली. तुमी काढलाय त्यो गाल, तसाच असू द्या.

ती गेली. गुरुजी काच गळ्यात घालून गेले. मी त्या दिवशी जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या. खोटं कशाला सांगू.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती दिवाळी अंकाला दिली नसती. असल्या गोष्टी आम्हा स्टुडिओवाल्यांकडं पुष्कळ असतात.

अनुसयाच्या लेकानं तो फोटो मोबाइलवर घेऊन पाहुण्यांना धाडला. आमचे आजोबा, असं लिहून. तिथून तो कुठून कुठून फिरत तेलगावला पोचला. चौथ्या दिवशी माझ्या दारात रिक्षा थांबली. आधी अनुसया उतरली, तोंड पडलेलं. मग काठी उतरली आणि काठीमागून एक म्हातारा. ऐंशीच्या आसपास, दाढी साफ केलेली.

“माझा गाल काढणारी बाई कोण?” त्यानं विचारलं.

मला आधी कळलंच नाही. मी त्याच्याकडं पाहिलं. रुंद कपाळ, जवळजवळ डोळे, नाकाला बाक.

“बसा,” मी म्हणाले.

“बसतो की. मेलेला माणूस उभा किती राहणार.”

हा ज्ञानोबा. अनुसयाचा चुलता. जो फोटोत स्वच्छ तोंडाचा आहे असं सगळे धरून चालले होते, तो.

अनुसयानं पिशवीतून फ्रेम काढली, टॉवेल, वर्तमानपत्र, सगळं तसंच. म्हाताऱ्यानं आपला उजवा हात फोटोशेजारी ठेवला. करंगळीचं वरचं पेर नव्हतं. लहानपणी कडबा कापायच्या अडकित्त्यात गेलं, म्हणाला. फोटोत डावीकडच्या माणसाचा, म्हणजे कुंकवाच्या माणसाचा उजवा हात गुडघ्यावर होता. करंगळी आखूड.

मी कासाराची लेक. माणसाचं तोंड बघायच्या आधी हात बघायची माझी सवय. तो फोटो चार दिवस माझ्या टेबलावर होता आणि मी तो हात पाहिला नाही. तोंडाच्या मागं लागले होते. वर काळा कागद टाकून मीच तो झाकला. गाल निघाला त्यापेक्षा मला याची जास्त लाज वाटते. गाल घाईनं गेला. हे माझं काम होतं आणि माझ्याच्यानं झालं नाही.

कसं झालं असेल ते म्हाताऱ्यानंच सांगितलं. “आईला मोतीबिंदू झालता. मी घर सोडलं तवाच तिला धड दिसत नव्हतं. चाचपून लावलं असंल तिनं एकदा. मग जिथं कुंकू तिथंच कुंकू. बघायचं कुणी?”

कुणी कशाला बघेल. कुंकू लागलेला तो मेलेला, हे घरातल्या सगळ्यांना माहीतच होतं.

“इतकी वर्सं पितरांत मला जेवायला वाढताय,” तो अनुसयाला म्हणाला, “एकदा निरोप तरी धाडायचा. कावळ्यापेक्षा दोन घास जास्तच खाल्लं असतं.”

ती हसली नाही. ती फोटोतल्या दुसऱ्या माणसाकडं बघत होती, उजवीकडच्या. स्वच्छ टोपी, स्वच्छ तोंड, ओठ जरा उघडे, काहीतरी बोलायच्या बेतात असल्यासारखे. जन्मापासून तो भिंतीवर तिच्यासमोर होता.

“ह्यो?” तिनं विचारलं.

“ह्योच रंगनाथ. माझ्यापेक्षा दीड वर्सानं लहान. फोटोवाला हालू नका म्हणला तर ह्यो मलाच हालवत होता.”

“ह्याला मी जीभ दाखवायचे काका.”

“दाखवली तर दाखवली. त्यो बी मला दाखवायचा.”

विहिरीचं कुणी काढलं नाही. माझ्यासमोर तरी नाही. मी दुसरा रोल घातला. या वेळी फोटोवर काळा कागद टाकला नाही, दोन्ही हात, दोन्ही तोंडं, सगळं घेतलं. मग रंगनाथाचं एकट्याचं तोंड घेतलं. त्याला कुठलीच काच लागली नाही. जसं होतं तसं आलं. अनुसयानं ते पदरात धरलं आणि मग म्हाताऱ्याच्या कानाकडं आणि फोटोतल्या कानाकडं आळीपाळीनं पाहत राहिली. कान दोघांचे सारखे होते.

गुरुजींना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, म्हणजे माझी काच उगीच वापरलीस. उगीच कशी? लाल काच नसती तर कुंकवाखालचं तोंड बाहेर आलं नसतं, तेलगावला पोचलं नसतं, आणि पुढच्या पितरांतही कुंकू तिथंच लागलं असतं. कॉम्प्युटरवाल्यानं बसवलेल्या तोंडाला ओळखून कुणी रिक्षा केली नसती. मी काढलेलं तोंड पाहून माणूस काठी टेकत आला, हा मी आहे म्हणाला. माझ्या कामाला एवढी मोठी पावती कुठल्या पुणेकरानं दिलेली नाही. चूक माणसाची झाली, काचेची नाही. काच बरोबर होती. मापही बरोबर होतं.

आता नवीन फ्रेमला अनुसयानं काच बसवून घेतली आहे. कुंकू काचेवर लागतं, दर वेळी ओल्या फडक्यानं पुसता येतं. टोळी दसऱ्यानंतर गेली, यंदाही जाईल. गुरुजी काच द्यायला तयार नाहीत आणि मीही मागत नाही, कुठं आहे ते माहीत आहे.

आणि ज्याला इतकी वर्षं पितरांत वाढलं, ज्याचा गाल मी कापसावर उचलला, तो ज्ञानोबा तेलगावला लेकीकडं आहे. परवा फोनवर बोलला. दाढी स्वतः करतो. दोन्ही गाल जागेवर आहेत.